हृदयाची अनियमित लय आणि नेत्रविकार

हृदयाच्या बिघडलेल्या लयीमुळे नजर जाऊ शकते. डोळ्यांच्या औषधाने लय बिघडणेही शक्य असते, पण तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

काचबिंदूवरील टिमोलॉल हे बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणारे औषध आहे. ०.५ टक्के द्रावणाच्या एका थेंबात साधारण ०.२ मिग्रॅ औषध असते. मात्रा क्षुल्लक वाटते. पण थेंबाचा बराच भाग अश्रुनलिकेतून नाकात उतरतो, तिथून थेट रक्तात मिसळतो आणि गोळीसारखा आधी यकृतातून गाळला जात नाही. त्यामुळे नाडी मंदावते, चक्कर येते. सोबत व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम ही ठोके मंद करणारी हृदयाची औषधे चालू असतील, तर हार्ट ब्लॉकची, म्हणजे हृदयातील विद्युत संदेश अडण्याची भीती वाढते. पेसमेकर नसलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या हार्ट ब्लॉकमध्ये आणि दम्यात टिमोलॉल देत नाहीत. इतरांनी एकच थेंब घालून डोळा मिटावा व नाकालगतचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरावा. डोळ्यात घालायचे दुसरे औषध पाच मिनिटांनी. पुण्यात काचबिंदूची फाइल महंमदवाडीच्या देसाई नेत्ररुग्णालयात आणि हृदयाची भलतीकडेच, असे सहज होते. ‘औषधे कोणती चालू?’ असे विचारले की गोळ्या आठवतात, थेंब नाही. बाटली सोबत नेलेली बरी.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरतात तेव्हा, डाव्या कर्णिकेत (वरच्या डाव्या कप्प्यात) रक्ताची गुठळी होऊ शकते. ती दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या आतील मागच्या पडद्याच्या) मुख्य धमनीत अडकली, तर एका डोळ्याची नजर न दुखता अचानक जाते. हा डोळ्याचा पक्षाघातच. काही तासांत दृष्टिपटल कायमचे निकामी होते. चष्म्याच्या दुकानात किंवा दुसऱ्या दिवशीच्या ओपीडीत वेळ न घालवता १०८ ला फोन करून पक्षाघातावर उपचार होणाऱ्या रुग्णालयात जावे. तिथे ईसीजी, इको, मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर व मेंदूचा एमआरआय करतात. पन्नाशीपुढे धमनीदाह वगळण्यासाठी ईएसआर ही रक्ततपासणीही लागते.

अमिओडॅरोन हे लय सुधारणारे औषध घेणाऱ्या बहुतेकांच्या पारपटलावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) भोवऱ्यासारखे तपकिरी कण साचतात. ते निरुपद्रवी असतात, त्यासाठी गोळी थांबवत नाहीत. नजर मंदावली तर मात्र डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस तपासावी लागते. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध अंगात जास्त झाले की पिवळे दिसू शकते.

तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत स्नायू ओढला की व्हेगस मज्जातंतूमार्फत ठोके मंदावतात, मुलांमध्ये विशेष. आश्नर व डान्यिनी या डॉक्टरांनी १९०८ मध्ये ही प्रतिक्षिप्त क्रिया नोंदवली. सर्जन ताण सोडतो; ठोके तरीही मंदच राहिले तर ते वाढवणारे ॲट्रोपिन देतात. धडधड थांबवायला घरी बुबुळे दाबण्याचा जुना उपाय मात्र करू नये, त्याने दृष्टिपटल सुटू शकते.