इनटेक व्हॉल्व्ह उशिरा का बंद होतो?

एखाद्याने गाडीचं इंजिन नव्याने बांधून घेतलं असं कळलं की लोक दोनच गोष्टी विचारतात: सीसी किती आणि बीएचपी किती. मला तिसरीच विचारावीशी वाटते. इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा घेणारी झडप, किती अंशांवर बंद होतो? एवढं कळलं तरी ती गाडी सिग्नलला कशी वागेल आणि ट्रॅकवर कुठल्या आरपीएमला (मिनिटाला किती फेऱ्यांना) जीव धरेल, याचा बराचसा अंदाज येतो. आठवडाभर कामावर नेणारी आणि सुट्टीच्या दिवशी हौशी शर्यतीत उतरणारी गाडी एकच असेल, तर सगळी ओढाताण याच आकड्यापाशी होते.

बीएचपी म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि फेरे यांचा गुणाकार. टॉर्क मुख्यतः दर खेपेला सिलिंडरमध्ये किती हवा शिरली यावर ठरतो, कारण पेट्रोल हवेच्या प्रमाणातच जळतं: वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल. जास्त पेट्रोल ओतणं कुणालाही जमतं, जास्त हवा भरणं अवघड. सीसी वाढवायचे नाहीत, टर्बोही (हवा दाबून भरणारा पंप) लावायचा नाही, तर वाटा दोनच उरतात. दर खेपेला जास्त हवा भरा किंवा मिनिटाला जास्त खेपा करा. शर्यतीचं इंजिन मुख्यतः दुसऱ्या वाटेने जातं, आणि तिथेच वेळ कमी पडू लागतो. ६००० आरपीएमला क्रँकशाफ्टची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याची) एक फेरी १० मिलिसेकंदांत होते. पिस्टन वरून खाली यायला त्यातले फक्त ५ मिलिसेकंद मिळतात.

शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत पिस्टन वर असताना इनटेक व्हॉल्व्ह उघडतो आणि पिस्टन तळाला पोचला की बंद होतो. खरं इंजिन असं बांधलं, तर ते चढ्या आरपीएमला गुदमरेल. आकृती हवेचं वजन विसरते. चढ्या फेऱ्यांना इनटेकच्या नळीतली हवा सेकंदाला ७० ते १०० मीटर वेगाने धावत असते. पिस्टन तळाला क्षणभर थांबतो, पण हवा थांबत नाही. अरुंद दारातून धावत येणाऱ्या गर्दीत पुढचे थबकले तरी मागचे त्यांना रेटत आत आणतात, तसं काहीसं इथे होतं. म्हणून व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात. पिस्टन वर चढायला लागलेला असतो, आणि तरी हवा आत येत असते! तळ ओलांडल्यावर ४० ते ७० अंशांच्या दरम्यान कधीतरी व्हॉल्व्ह बंद होतो. (हे अंश क्रँकशाफ्टचे. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो.)

आता हेच इंजिन १५०० आरपीएमला चालवा. हवेचा वेग पार उतरलेला, मागून रेटा नाही. वर चढणारा पिस्टन नुकतीच आत घेतलेली हवा उघड्या व्हॉल्व्हमधून परत मॅनिफोल्डमध्ये (इनटेकच्या नळ्यांमध्ये) ढकलतो. ट्रॅकवर जो उशीर फायद्याचा, तोच ट्रॅफिकमध्ये टॉर्क खातो.

किती खातो, ते मोजूनच पाहू. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८६ मिमी, कनेक्टिंग रॉड १४२ मिमी: चार सिलिंडरांचं २ लिटरचं इंजिन, कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते तो आकडा) १०.५. एका सिलिंडरचे ५०० सीसी, आणि पिस्टन वर असताना उरणारी जागा ५२.६ सीसी. व्हॉल्व्ह तळानंतर ४० अंशांवर बंद झाला, तर पिस्टनपुढे दाबायला ४५७ सीसी उरतात आणि प्रत्यक्ष कॉम्प्रेशन ९.७ पडतं. ६० अंशांवर बंद झाला तर ४०४ सीसी आणि ८.७. ७० अंशांवर ३६९ सीसी आणि जेमतेम ८. कागदावर १०.५ लिहिलेलं असूनही! यालाच जाणकार ‘डायनॅमिक कॉम्प्रेशन’ म्हणतात. म्हणून लांब ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा) कॅम नुसता आणून बसवला की गाडी खालच्या फेऱ्यांना मेल्यासारखी होते. त्यासोबत हेड (सिलिंडरवरचं झाकण) घासून किंवा पिस्टन बदलून कॉम्प्रेशन वाढवावं लागतं. रेशो १२ केला, तर ६० अंशांच्या कॅमवर प्रत्यक्ष आकडा ९.९ येतो, म्हणजे मूळच्या ९.७ च्या जवळ. कॅम आणि कॉम्प्रेशन यांची जोडी जमवावी लागते ती अशी.

नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण आपोआप पेट घेऊन इंजिन ठोकण्याचा, धोका मात्र जात नाही. टॉर्कच्या शिखराजवळ सिलिंडर सगळ्यात चांगला भरतो, म्हणून त्याच पट्ट्यात इंजिन ठोकायला लागतं आणि जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ‘ताकद’ नव्हे. दाब आणि उष्णता वाढूनही आपोआप पेट न घेण्याची क्षमता मोजणारा तो आकडा आहे. नॉकिंग होतच नसलेल्या साध्या इंजिनात महागडं पेट्रोल भरून पिकअप वाढल्याचं जाणवत असेल, तर ते खिसा हलका झाल्यामुळे असावं. पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून मायलेज आणि ताकद दोन्ही वाढवून देणारे तर या गणितात कुठेच बसत नाहीत.

माझा सगळ्यात आवडता भाग यापुढचा. पिस्टन खाली जोरात खेचतो तेव्हा नळीत कमी दाबाची एक लाट उठते. ती ध्वनीच्या वेगाने नळीच्या उघड्या तोंडापर्यंत जाते आणि तिथून उलटून जास्त दाबाची लाट होऊन परत येते. नळी ४० सेंटिमीटरची असेल तर जाऊन येऊन ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण २.३ मिलिसेकंद. ६००० आरपीएमला क्रँक तेवढ्यात ८३ अंश फिरतो. ओढ सगळ्यात जोरदार असते ती वरच्या टोकानंतर ७५ अंशांच्या आसपास. त्यात ८३ मिळवा, १५८ झाले. पिस्टन तळाजवळ आला आहे, व्हॉल्व्ह अजून उघडा आहे आणि नेमक्या त्याच वेळी दाबाची लाट येऊन हवा आत लोटते. कुठल्याही पंपाशिवाय! ३००० आरपीएमला मात्र तेवढ्याच वेळात क्रँक ४२ अंशच फिरतो, लाट फार लवकर येऊन जाते आणि व्हॉल्व्ह बंद होताना तिचा उपयोग उरत नाही. नळी लांब केली तर फायदा खालच्या फेऱ्यांकडे सरकतो, आखूड केली तर वर. १९९१ ची ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बीच्या इंजिनात तर चालत्या गाडीत लांबी बदलणाऱ्या इनटेक नळ्या होत्या.

वेळेच्या बाबतीत अशीच युक्ती होंडाने १९८९ मध्ये व्हीटेकमध्ये केली. एकाच कॅमशाफ्टवर दोन तऱ्हांचे लोब (व्हॉल्व्ह दाबणारे उंचवटे), खालच्या फेऱ्यांना सौम्य आणि वरच्यांना तिखट. १.६ लिटरमधून १६० पीएस (बीएचपीसारखंच ताकदीचं एकक), टर्बोशिवाय. उलट टोयोटाने १९९७ च्या प्रियसमध्ये व्हॉल्व्ह मुद्दाम फार उशिरा बंद केला, तो ताकदीसाठी नव्हे तर पेट्रोल वाचवण्यासाठी. टॉर्कची उणीव तिथे इलेक्ट्रिक मोटर भरून काढते.

शर्यतीच्या कॅमवर आयडलिंगला गाडी घुटमळते, धडधडते. इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहिल्याने जळका धूर इनटेकमध्ये परततो आणि मधूनमधून मिसिंग होतं (एखादी खेप पेटतच नाही). त्या आवाजावर लोक फिदा असतात, पण मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडल्याने ब्रेकच्या बूस्टरला (पेडल हलकं करणाऱ्या भागाला) पुरेशी ओढ मिळत नाही आणि पेडल दगडासारखं लागू शकतं. भर रहदारीत ही गंमत नाही.

बाकीचं थोडक्यात. आपल्या २ लिटरच्या इंजिनात ७५०० आरपीएमला पिस्टनचं वरच्या टोकाचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३५०० पट होतं. पिन आणि रिंगांसह ४०० ग्रॅमचा पिस्टन त्या क्षणी रॉडला सुमारे १.४ टनांनी ओढतो. आधी रॉडचे बोल्ट बदला, मग कॅमचं बोला. वळणावर गाडीला १ जी (गुरुत्वाकर्षणाएवढा) बाजूचा ओढा बसला की सम्पमधल्या (इंजिनाखालच्या भांड्यातल्या) तेलाची पातळी ४५ अंशांत कलते, पंपाचा पिकअप (तेल ओढणारं तोंड) हवा ओढतो आणि लांब वळण संपेपर्यंत बेअरिंग गेलेलं असू शकतं. सम्पमध्ये तेल अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या बसवणं हे इथलं सगळ्यात स्वस्त काम.

ट्विन कॅम इंजिनात (इनटेक आणि एक्झॉस्टला वेगळे कॅम) ॲडजस्टेबल स्प्रॉकेट (कॅम फिरवणारं दातेरी चाक) लावून इनटेक कॅम ४ अंश पुढे घेता येतो. व्हॉल्व्ह तेवढा लवकर बंद होतो, खालचा टॉर्क वाढतो, वरची ताकद थोडी जाते. पण तो उघडतोही लवकर, म्हणजे वर आलेल्या पिस्टनच्या जास्त जवळ जातो. म्हणून हेड कायमचं बसवण्याआधी पिस्टनच्या माथ्यावर क्ले लावायची, हेड आणि टायमिंग जोडायचं, क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवायचा, आणि हेड काढून क्ले कापून तिची जाडी मोजायची. इनटेकला निदान २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी. फिरवताना पाना जरा जरी अडला तर जोर लावायचा नाही, आणि स्टार्टरला तर या वेळी हातही लावायचा नाही.