मर रोग, जीवाणूजन्य

वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा या पिकांचा जमिनीतून पसरणारा रोग. राल्स्टोनिया सोलॅनेसिअरम व त्याच्या निकटच्या जाती हे त्याचे कारण होत. झाड दुपारी कोमेजते, संध्याकाळी सावरते आणि थोड्याच दिवसांत हिरवे असतानाच कायमची मान टाकते. फ्युझेरियम बुरशीच्या मरीत आधी खालची पाने, पुष्कळदा एकाच अंगाची, पिवळी पडतात. खात्रीसाठी खोड जमिनीलगत कापून त्याचा तुकडा काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरतात. काही मिनिटांत कापातून दुधाळ धागे खाली उतरू लागले तर रोग जीवाणूचा समजावा. बुरशीच्या मरीत ते दिसत नाहीत. आळवणीचे (मुळाशी ओतायचे) औषध ठरवण्याआधी ही परीक्षा करावी, कारण दोन्ही रोगांचे उपाय वेगळे आहेत.

जीवाणूचे वर्णन अमेरिकन वनस्पतिरोगशास्त्रज्ञ अर्विन स्मिथ यांनी १८९६ मध्ये बॅसिलस प्रजातीत केले. पुढे तो स्यूडोमोनास, बर्खोल्डेरिया व अखेर राल्स्टोनिया प्रजातीत गेला. २०१४ मध्ये त्याच्या तीन जाती मानल्या गेल्या. आशिया व आफ्रिकेतील गट तेव्हापासून राल्स्टोनिया स्यूडोसोलॅनेसिअरम या जातीत येतात, त्यामुळे जुन्या भारतीय लिखाणातील नाव व्यापक अर्थाने घ्यावे लागते.

उगमाबद्दल एकमत नाही. खंड विलग झाल्यावर निरनिराळे गट आपापल्या जागी विकसित झाले, असे एक मत आहे. अलीकडील जनुकीय विश्लेषण मूळस्थान इंडोनेशिया-ओशिॲनिया भागात असल्याचे सुचवते व ते अधिक ग्राह्य वाटते. भारतातील पहिली नोंद म्हणून कॅपेल यांच्या पुणे जिल्ह्यातील बटाट्याच्या रोगावरील टिपणाचा (१८९२) उल्लेख बहुधा केला जातो. टिपण स्मिथ यांच्या वर्णनाआधीचे असल्याने ही ओळख मागाहून लक्षणांवरून ठरवलेली आहे. कापलेल्या बटाट्यात दिसणाऱ्या तपकिरी कड्यावरून या रोगाला ‘बांगडी’ असेही म्हणत. रोग बियाण्याच्या बटाट्यांबरोबर आला, की मातीत आधीच होता? बटाट्यावरचा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातील गट बियाण्यातून जगभर गेला आहे, पण आशियाई गट येथील जमिनीत पूर्वीपासून असणेही संभवते.

जीवाणू मुळांच्या जखमांतून, विशेषतः सूत्रकृमींनी (मातीतील सूक्ष्म कृमींनी) केलेल्या, आत शिरतो. त्याने स्रवलेल्या चिकट शर्करायुक्त पदार्थाने जलवाहिन्या तुंबतात. उष्ण, ओली व आम्लधर्मी जमीन त्याला मानवते; म्हणून कोकण व गोव्यातील जांभ्या जमिनीत वांग्याची मर जास्त आढळते.

रोग लागलेले झाड बरे होत नाही. ते मातीसकट उपटून शेताबाहेर नष्ट करावे. त्या ओळीचे पाणी पुढच्या ओळींत जाऊ देऊ नये. पाटपाण्यावर हे अवघड जाते. मका, ज्वारी यांसारख्या तृणधान्यांशी फेरपालट करावी. वांग्यानंतर टोमॅटो ही फेरपालट नव्हे. आम्ल जमिनीस चुना, रोपवाटिकेच्या गादीवाफ्यावर एप्रिल-मेमध्ये पारदर्शक प्लॅस्टिक अंथरणे, आणि बटाट्याच्या सरीत खताबरोबर ब्लीचिंग पावडर हेक्टरी सुमारे १२ किग्रॅ., हे प्रतिबंधक उपाय आहेत. प्रतिजैविकाच्या आळवणीचा भरवसा धरता येत नाही, कारण जीवाणू वाहिन्यांच्या आत असतो.

प्रतिकारक वाणांत बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे टोमॅटोतील अर्का रक्षक, वांग्यातील अर्का केशव व अर्का नीलकंठ हे परिचित आहेत. मात्र जीवाणूचा गट बदलला की प्रतिकारशक्ती कमी पडू शकते. रानवांग्याच्या खुंटावर कलम करणे हाही एक उपाय आहे. आल्यावरही हा रोग पडतो व तेथे तो मुख्यतः बेण्यातून पसरतो.