फेणीने डीएनए का निघत नाही

फेब्रुवारी-मार्चात आमच्या गोव्यात दोन सीझन एकदम येतात, शाळांत विज्ञान दिनाची प्रदर्शनं आणि काजूच्या भाटांत (बागांत) हुर्राक, म्हणजे काजूची फेणीपेक्षा हलकी दारू. मग कोणीतरी विचारतंच, केळं कुस्करून त्यात मीठ, साबण आणि वरून स्पिरिट घालून डीएनए काढायचा तो प्रयोग स्पिरिटऐवजी फेणीने होईल काय? होत नाही. पण का होत नाही, ते खरं भारी आहे.

डीएनएच्या कण्यावर ओळीने फॉस्फेट बसलेले, सगळे निगेटिव्ह चार्जचे. भांडी घासायच्या लिक्विडने पेशींचे पापुद्रे फुटतात, डीएनए पाण्यात येतो आणि आरामात विरघळून राहतो. आपण मीठ घातलेलं असतं, त्यातला सोडियम पॉझिटिव्ह, मग हे दोघे एकमेकांना धरून का बसत नाहीत? कारण मध्ये पाणी आहे. पाण्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट 80 च्या आसपास, म्हणजे निर्वातात दोन चार्जमध्ये जेवढी ओढ असती तिचा फक्त ऐंशीवा हिस्सा उरतो. इथेनॉलचा आकडा जेमतेम 24. त्यामुळे अल्कोहोल वाढवत नेलं की ओढ वाढत जाते, सोडियम फॉस्फेटला जाऊन बिलगतो, चार्ज मारला जातो, रेणू एकमेकांना ढकलायचे थांबतात आणि गुंता होऊन बाहेर पडतात. एकटा रेणू 2 नॅनोमीटर जाड, तो डोळ्यांना कुठला दिसतोय, दिसतो तो हा गुंता. आणि मीठच नसेल तर नुसतं अल्कोहोल ओतून फारसं काही हाती लागत नाही.

हे सगळं व्हायला मिश्रणात साधारण 65 टक्के इथेनॉल लागतं. म्हणून लॅबमध्ये एक भाग द्रावणाला अडीच भाग 95 टक्क्यांचं घालतात, हिशेब 68 च्या जवळ जातो. फेणी साधारण 42-43 टक्के. बादलीभर ओतली तरी मिश्रण त्याच्या वर जाणार कसं? हुर्राकाचं तर नावच नको.

बाकी प्रदर्शनात 'हा बघा डीएनए' म्हणून जो पांढरा शेंबूड दाखवतात त्यात पेक्टिनही (फळातला चिकट पदार्थ) भरपूर असतं, तेही अल्कोहोलात साकळतं. आणि जे शिबिरात बसवून 'डीएनए अ‍ॅक्टिव्हेट' करून देतात त्यांना आधी टेस्टट्यूबमध्ये एवढं तरी करून दाखवा म्हणावं.

खऱ्या लॅबमध्ये गुंता बहुतेक वेळा दिसतच नाही. ट्यूबच्या झाकणाची बिजागरी बाहेरच्या बाजूला ठेवून सेंट्रिफ्यूज (ट्यूब गरगर फिरवायचं यंत्र) फिरवायचा, म्हणजे पेलेट, तो खाली बसलेला डीएनएचा गोळा, बिजागरीखालच्या भिंतीला असणार हे न बघताच कळतं, नाहीतर वरचं पाणी ओतताना डीएनएही सिंकमध्ये. मग 70 टक्के अल्कोहोलने धुवायचं, त्यातलं 30 टक्के पाणी मीठ विरघळवायला पुरतं, डीएनएला पुरत नाही.

घरी करायचंच असेल तर मोबाईल रिपेअरवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, द्रावण जेवढं तेवढंच पुरतं. फक्त गॅसपासून लांब.