पार्श्वभूमी: 18 व्या वर्षीची पहिली निवड आणि मधली गाळलेली पायरी

एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची सर्वोच्च लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या संघांनी दरवर्षी तरुण खेळाडू आळीपाळीने निवडण्याची पद्धत, ज्यात तळाच्या संघांची पाळी आधी येते. या ड्राफ्टमध्ये पहिला निवडलेला मुलगा पहिल्याच हंगामात चाचपडायला लागला की त्याच्या शहरात दोन तट पडतात. एक म्हणतो, निवडच चुकली. दुसरा म्हणतो, निवड बरोबर होती, पण पोराला घाईने मोठ्यांत उतरवलं. हा वाद मुलाच्या गुणवत्तेवरचा वाटतो खरा, पण त्याचं बरंचसं मूळ खेळाबाहेर आहे. 18 वर्षांच्या खेळाडूला कुठे खेळता येतं आणि कुठे येत नाही, हे ज्या करारांनी ठरवलं, त्यांत ते सापडतं.

ड्राफ्ट सुरू झाला 1963 मध्ये, मॉन्ट्रियलच्या एका हॉटेलात. सहा संघांनी मिळून 21 मुलं निवडली आणि त्यांतली फक्त पाच पुढे लीगपर्यंत पोहोचली. त्या दिवशी पहिला निवडलेला मुलगा 16 वर्षांचा होता. बाहेर कुणाला त्याचं फारसं अप्रूप नव्हतं, कारण चांगली मुलं तोवर संघांच्या ताब्यात गेलेलीच असत. ज्युनियर संघांना पैसे पुरवायचे आणि चौदाव्या वर्षीच मुलाची सही घेऊन ठेवायची, अशी ती पद्धत होती. ती मोडीत निघून सगळी मुलं खऱ्या अर्थाने खुली झाली ती 1969 मध्ये, आणि तेव्हा ड्राफ्टचं वय 20 होतं.

हे 20 वर्षांचं वय टिकलं असतं तर या टिपणाची गरजच पडली नसती. पण सत्तरच्या दशकात प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली आणि ती कमी वयाच्या मुलांनाही पैसे मोजून नेऊ लागली. 1977 मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयाने 20 वर्षांखालच्यांना रोखणारा नियम स्पर्धाविरोधी ठरवला. 1979 मध्ये दोन्ही लीग एकत्र आल्या, त्या वर्षी ड्राफ्टचं वय 19 झालं आणि पुढच्याच वर्षी 18. म्हणजे 18 हा आकडा कुणी मुलांच्या शरीराचा किंवा खेळातल्या वाढीचा अभ्यास करून काढलेला नाही. कामगार कायदा आणि बाजार यांच्या ओढाताणीतून तो आला आणि तेव्हापासून हललेला नाही. त्यातही 15 सप्टेंबरपर्यंत 18 पूर्ण व्हायला हवीत, असा हिशेब असल्याने उन्हाळ्यातल्या ड्राफ्टच्या दिवशी काही मुलं 17 चीच असतात. 2025 चा पहिला क्रमांक, एक बचावपटू, 5 सप्टेंबरच्या जन्माचा आहे. ड्राफ्टला तो 17 चा होता आणि ऑक्टोबरमध्ये मोठ्या लीगमध्ये उतरला.

वय उतरलं त्याच वर्षी, 1980 मध्ये, ड्राफ्ट पहिल्यांदा एका रिंकमध्ये प्रेक्षकांसमोर झाला, तोही मॉन्ट्रियलमध्ये. 1976 ते 1979 सलग चार वेळा लीगचा चषक जिंकलेल्या मॉन्ट्रियलच्या संघाकडे जुन्या देवाणघेवाणीत मिळालेला दुसऱ्या संघाचा पहिला क्रमांक होता. ज्युनियरमध्ये एका हंगामात 89 गोल केलेला रेजायनाचा सेंटर, म्हणजे मधल्या जागेवरचा आक्रमक खेळाडू, त्यांनी घेतला. लोकांना हवा होता तो त्याच शहराच्या ज्युनियर संघातला फ्रेंच भाषक मुलगा, आणि तो तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला गेला. शिकागोचा संघ पहिल्यांदा मॉन्ट्रियलला आला तेव्हा या स्थानिक मुलाने गोल केला आणि यजमानांचा पहिला क्रमांक त्या रात्री संघाबाहेर होता. हंगामाअखेर शिकागोच्या मुलाचे 75 गुण (स्वतःचे गोल आणि गोलांना केलेली मदत मिळून) झाले, रेजायनाच्या मुलाचे 41 सामन्यांत 15. शिकागोचा मुलगा पुढे लीगच्या सर्वोत्तम सेंटर्समध्ये गणला गेला. रेजायनाचा मुलगा 1983 च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या संघाकडे गेला आणि 556 सामने खेळून थांबला.

चाहत्यांनी या गोष्टीतून एकच धडा घेतला, तो म्हणजे व्यवस्थापनाला कळत नाही. जो धडा निसटला तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चार चषकांच्या अनुभवी फळीत 19 वर्षांच्या सेंटरला जागा नव्हती आणि शिकागोत ती होती. दोघांच्या कौशल्यात फरक असेलही, पण मिळालेल्या मिनिटांतला फरक त्याहून मोठा होता.

1993 मध्ये ओटावाने पहिला क्रमांक घेतला तोवर पैशांचाही भार वाढला होता. 84 सामन्यांत 10 विजय मिळवलेल्या त्या नव्या संघाने मुलाला पाच वर्षांचे 1 कोटी 22 लाख 50 हजार डॉलर दिले. आधीच्या हंगामात संघ मुद्दाम हरला, अशी कुजबुज झाली, चौकशी झाली. ते सिद्ध झालं नाही, पण दोन गोष्टी बदलल्या. 1995 पासून पहिल्या क्रमांकासाठी लॉटरी आली आणि नव्या खेळाडूंच्या पगारावर मर्यादा आली. त्या मुलाचं नाव आजही फसलेल्या निवडीचा दाखला म्हणून घेतलं जातं, पण पहिल्या हंगामात त्याने 51 गुण केले होते, हे सांगणारं कुणी भेटत नाही. 18 वर्षांच्या मुलासाठी 51 गुण वाईट नव्हेत. 1 कोटी 22 लाखांच्या मुलासाठी ते कमी ठरले, इतकंच.

लॉटरीने हाव कमी होईल, असं वाटलं होतं. झालं उलटंच. सोडतीचा दिवस हाच एक सोहळा झाला आणि पडलेल्या संघाचे चाहते हिवाळाभर कुणा एका मुलाकडे डोळे लावून बसू लागले. त्यात 2005 च्या पहिल्या क्रमांकाने पहिल्याच हंगामात 102 गुण केले आणि 2015 च्याने दुखापतीतून सावरत 45 सामन्यांत 48. हे दोघे अपवाद होते. पण फूटपट्टी त्यांचीच राहिली.

आता त्या गुंत्याकडे येतो, ज्याविषयी चाहत्यांत सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

एनएचएलच्या खाली एएचएल आहे. तिथे प्रौढ व्यावसायिक खेळतात, बहुतेक संघ एनएचएलच्या एकेका संघाशी जोडलेले असतात आणि मुलगा तिथे हळूहळू तयार होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मग चाचपडणाऱ्या पहिल्या क्रमांकाला वर्षभर तिथे का पाठवत नाहीत? कारण कॅनडाच्या मोठ्या ज्युनियर लीगमधून आलेल्या मुलाला 20 वर्षांचा होईपर्यंत किंवा ज्युनियरचे चार हंगाम पूर्ण होईपर्यंत तिथे नियमित खेळवायला बंदी घालणारा करार होता. संघापुढे दोनच पर्याय राहत. मुलाला एनएचएलमध्ये ठेवायचं किंवा त्याच्या जुन्या ज्युनियर संघाकडे परत पाठवायचं. ज्युनियर संघांची बाजूही खोटी नाही. त्यांची तिकिटं त्या मुलांवर विकली जातात आणि उत्तम मुलं 18 व्या वर्षीच निघून गेली तर छोट्या गावांतले संघ बुडतील. पण त्याची किंमत मुलगा मोजतो. ज्या लीगमध्ये त्याने गेल्या वर्षी गोलांचा पाऊस पाडला तिथे परत जाऊन तो नवं काही शिकत नाही, उलट वाईट सवयी लावून घेतो. आणि एनएचएलमध्ये थांबला तर चौथ्या फळीत, म्हणजे आलटून-पालटून उतरणाऱ्या गटांपैकी शेवटच्या गटात, रात्री आठ-नऊ मिनिटं खेळतो किंवा गॅलरीत बसून सामना पाहतो. अंडर-19 चा फलंदाज थेट कसोटीत घ्यायचा किंवा पुन्हा शाळेच्या स्पर्धेत पाठवायचा आणि रणजीचं दार बंद ठेवायचं, असा हा प्रकार.

यावर आणखी एक घडी पडते ती नऊ सामन्यांची. 18 किंवा 19 व्या वर्षी करार केलेल्या मुलाने एका हंगामात एनएचएलचे दहा सामने खेळले नाहीत, तर त्याचा तीन वर्षांचा पहिला करार एक वर्ष पुढे सरकतो. नववा सामना झाला की व्यवस्थापनाला ठरवावं लागतं, दहावा खेळवून वर्ष खर्ची घालायचं की थांबवायचं. चाहते या नऊ सामन्यांना चाचणी परीक्षा समजतात. दहावा खेळला तर पास, परत गेला तर नापास. खरं तर तो जमाखर्चाचा आकडा आहे. नऊ सामन्यांत म्हणजे जेमतेम तीन आठवड्यांत मुलाविषयी प्रशिक्षकांना फार काही नवं कळत नाही. एखादा संघ मुलाला तयार नसतानाही ठेवतो, कारण परत पाठवलं तर लोक काय म्हणतील. दुसरा संघ तयार मुलालाही पाठवतो, कारण स्वस्त करार एक वर्ष पुढे ढकलता येतो. दोन्ही निर्णयांत मुलगा तिसऱ्या स्थानी येतो. अमेरिकी महाविद्यालयातून किंवा युरोपातून आलेल्यांना एएचएलची बंदी नाही, ती फक्त कॅनडाच्या ज्युनियर लीगवाल्यांना आहे, आणि हा भेद बहुतेक चर्चांत निसटतो.

म्हणूनच 2022 चं मॉन्ट्रियलचं प्रकरण इतकं बोलकं आहे. ड्राफ्ट पुन्हा त्याच शहरात, पहिला क्रमांक पुन्हा त्याच संघाचा. दोन वर्षं ज्याचं नाव पहिलं मानलं जात होतं तो कॅनडाचा सेंटर चौथ्या क्रमांकापर्यंत घसरला आणि सिअ‍ॅटलला गेला. मॉन्ट्रियलने घेतला तो फिनलंडमध्ये खेळणारा स्लोव्हाक विंगर, म्हणजे कडेने खेळणारा आक्रमक. त्याने त्याच वर्षी बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये 17 व्या वर्षी सात गोल करून स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू होण्याचा मान मिळवला होता. पहिल्या हंगामात 39 सामन्यांत 10 गुण, बहुतेक खालच्या फळ्यांत, आणि जानेवारीत दुखापतीने हंगाम संपला.

या मुलाला बंदी लागू नव्हती. तो युरोपातून आला होता, त्याला शेजारच्या लाव्हालमधल्या एएचएल संघात पाठवता आलं असतं, आणि शहरातल्या निम्म्या लोकांची तीच मागणी होती. संघाने नकार दिला. त्यांची बाजू अशी होती: उत्तम प्रशिक्षक इथे आहेत, वेग इथे आहे, मुलगा अंगाने मोठा आहे, त्याने याच वेगात चुका करून शिकावं. दुसऱ्या हंगामाचा पूर्वार्धही थंड गेला आणि मागणी पुन्हा उठली. मग त्याला संघातल्या सर्वोत्तम दोघांबरोबर पहिल्या फळीत आणलं, तिथेच टिकवलं, आणि हंगाम 20 गोल, 50 गुणांवर संपला. 2024 च्या जुलैमध्ये त्याने आठ वर्षांचा 6 कोटी 8 लाख डॉलरचा करार केला.

संघाने न पाठवल्यामुळेच तो घडला, असं आता सांगितलं जातं. मला ते पटत नाही. तो घडला तो चांगल्या साथीदारांबरोबर भरपूर मिनिटं मिळाल्यावर, आणि ती मिनिटं त्याला पहिल्या वर्षी लाव्हालमध्ये मिळाली असती. सिअ‍ॅटलच्या सेंटरकडे पाहा. महामारीत त्याच्या ज्युनियर लीगचा 2020-21 चा हंगाम रद्द झाल्याने त्याचं एक अख्खं वर्ष गेलं होतं. 2022-23 मध्ये तो एनएचएल, थोड्या दिवसांसाठी एएचएल आणि पुन्हा ज्युनियर असा भटकत राहिला. पुढच्या वर्षी खास सवलत मिळून तो एएचएलमध्ये नीट खेळला आणि मग सिअ‍ॅटलमध्ये स्थिरावला. दोघांवरही पहिल्या वर्षाअखेर शिक्के बसले होते, आणि दोन्ही पुसावे लागले.

असे शिक्के किती लवकर मारले जातात याचे दाखले हवे तेवढे आहेत. 1997 च्या पहिल्या क्रमांकाने 55 सामन्यांत 7 गुण केले होते. त्याची कारकीर्द 1,500 गुणांच्या पुढे गेली. न्यू जर्सीच्या 2019 च्या निवडीने पहिल्या वर्षी 61 सामन्यांत 21 गुण केले, 2022-23 मध्ये 99. न्यू यॉर्कच्या 2020 च्या निवडीला 28 गोलांचा हंगाम लाभायला चौथं वर्ष उजाडलं. तिथल्या व्यवस्थापनाने 2018 मध्येच चाहत्यांना पत्र लिहून संघ नव्याने उभारणार, असं कळवलं होतं, त्यामुळे तो आला तेव्हा लोकांची वाट पाहण्याची ताकद आधीच खर्ची पडली होती. एडमंटनने 2010, 2011 आणि 2012 असे सलग तीन पहिले क्रमांक घेतले. तिसऱ्याने 48 सामन्यांच्या छोट्या हंगामात 17 गोल केले, एडमंटनमधल्या चार हंगामांत मिळून चार मुख्य प्रशिक्षक पाहिले आणि 2018 नंतर तो या लीगमध्ये दिसला नाही. दुसऱ्याने शंभर गुणांचा टप्पा पहिल्यांदा गाठला तो बाराव्या हंगामात.

भारतीय वाचकाला जवळचं वाटेल असं एक उदाहरण पहिल्या क्रमांकाचं नाही, सातव्याचं आहे. कॅनडातल्या मिसिसागात जन्मलेला, भारतीय वडिलांचा मुलगा 1998 मध्ये न्यू यॉर्कने घेतला आणि 18 व्या वर्षी त्याला 73 सामने मोठ्यांत ठेवलं. पुढच्या हंगामात तिथे त्याला फक्त 27 सामने मिळाले, ज्युनियरलाही परत जावं लागलं. हा मुलगा पुढे बचाव आणि फेसऑफ (खेळ सुरू करताना चकतीसाठी होणारी झुंज) यांतला भरवशाचा सेंटर म्हणून दीर्घकाळ खेळला. 2025 मध्ये अ‍ॅबट्सफोर्डच्या संघाने एएचएलचा चषक जिंकला तेव्हा मुख्य प्रशिक्षक तोच होता.

बदल आता कुठे सुरू झाला आहे. 2021 चा पहिला क्रमांक, बफेलोने घेतलेला एक बचावपटू, ड्राफ्टनंतर मिशिगनच्या विद्यापीठात परतला. 2006 नंतर असं करणारा तो पहिलाच, आणि बफेलोच्या चाहत्यांनी ते शांतपणे घेतलं. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा व्यवस्थेने कॅनडाच्या ज्युनियर खेळाडूंवरची महाविद्यालयात खेळण्याची बंदी उठवली आणि 2025-26 पासून ती मुलं तिकडे जाऊ लागली. तिथे सामने कमी, बहुतेक आठवड्याच्या शेवटी, आणि मधले दिवस सराव नि व्यायामाला मोकळे. 2025 च्या उन्हाळ्यात लीग आणि खेळाडू यांच्यात ठरलेल्या नव्या करारात प्रत्येक संघाला 19 वर्षांचा एक ज्युनियर खेळाडू एएचएलमध्ये पाठवता यावा, अशी तरतूद आहे. हा करार 2026-27 च्या हंगामापासूनचा आहे. 18 वर्षांच्या मुलांचा त्यात समावेश नाही आणि ड्राफ्टचं वयही 18 च आहे.