मनःस्थिती परीक्षणातील एकवाक्यता

एकाच रुग्णाला दोन मानसोपचारतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासले, तर त्यांच्या नोंदी कितपत जुळतात याचे मोजमाप. रक्तातली साखर यंत्र मोजते. भ्रम (खोटी, पण न ढळणारी खात्री), भास (नसलेले ऐकू किंवा दिसू येणे) आणि भावमुद्रा मोजणारे यंत्र म्हणजे तपासणारा माणूसच, म्हणून हा प्रश्न मानसोपचारात जास्त बोचतो. नोंदी जुळल्या म्हणजे त्या बरोबर ठरतात असे मात्र नाही. दोघेही एकाच रीतीने चुकू शकतात.

वॉर्डात ‘एमएसई’ (मेंटल स्टेटस एक्झॅमिनेशन) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मनःस्थिती परीक्षणात पेहराव आणि वागणूक, बोलणे, मूड (रुग्ण सांगतो ती भावना), अफेक्ट (चेहऱ्यावर दिसते ती भावना), विचार, भास, बोधनशक्ती (लक्ष, स्मरण, भान), निर्णयशक्ती आणि इनसाइट (आपण आजारी आहोत याची जाण) यांच्या नोंदी असतात. त्या सगळ्या सारख्याच प्रमाणात जुळत नाहीत. रुग्ण विचारल्यावर सांगतो ते (कानात आवाज येणे, मरणाचे विचार) बरेच जुळते. डॉक्टरने नुसते पाहून ठरवायचे ते (अफेक्ट बोथट आहे का, संवाद जुळला का) कमी जुळते. इनसाइटला एक ते सहा अशी श्रेणी देतात. त्यातल्या मधल्या पायऱ्यांवर दोन रेसिडेंटांचे एकमत झाले, तर दोघांनी आधी चर्चा केली नव्हती ना, हे विचारून घ्यावे.

मोजणीसाठी कोहेनचा कॅपा (१९६०) हा आकडा वापरतात. दोघांचा ‘आहे/नाही’ असा निर्णय योगायोगानेही जुळतो. तेवढा भाग कॅपा वजा करतो; पूर्ण जुळणी म्हणजे १, निव्वळ योगायोगाइतकी म्हणजे ०. शंभर रुग्णांत ४० जणांना भ्रम आहे आणि ४० जणांना नाही यावर दोघे सहमत असले, आणि उरलेल्या २० पैकी निम्म्यांत एकाने व निम्म्यांत दुसऱ्याने ‘आहे’ म्हटले, तर जुळणी ८० टक्के, पण कॅपा ०.६० येतो. लक्षण दुर्मीळ असेल तर गंमत होते. दोघांचे ‘आहे’ २, दोघांचे ‘नाही’ ९०, मतभेद ४ आणि ४: जुळणी ९२ टक्के, कॅपा जेमतेम ०.२९. त्यामुळे लक्षण किती जणांत होते हे न सांगता दिलेला कॅपा निरुपयोगी. बीपीआरएससारख्या, लक्षणांच्या तीव्रतेला गुण देणाऱ्या मापनश्रेणींना कॅपाऐवजी अंतर्वर्गीय सहसंबंध (दोघांचे गुण किती जवळ येतात ते दाखवणारा आकडा) काढतात.

मोजणीची पद्धतही आकडा फिरवते. एक जण मुलाखत घेतो, दुसरा शेजारी बसून गुण देतो, तेव्हा दोघांनी तीच उत्तरे ऐकलेली असतात आणि जुळणी फुगते. दोन स्वतंत्र मुलाखती घेतल्या की ती घसरते. डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकार निदान-पुस्तिकेच्या क्षेत्रचाचण्या (प्रत्यक्ष रुग्णांवरच्या चाचण्या) दुसऱ्या पद्धतीने झाल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निकालांत स्किझोफ्रेनियाचा कॅपा ०.४६, तर तीव्र नैराश्याचा ०.२८ होता.

मतभेद येतात कुठून? १९६२ साली वॉर्ड, बेक आणि सहकारी या संशोधकांनी निदानातल्या मतभेदाची ४० प्रकरणे उसवून पाहिली. रुग्णाने दोन वेळी वेगळे सांगितल्याने झालेले मतभेद फक्त ५ टक्के. तपासणाऱ्याच्या पद्धतीमुळे ३२.५ टक्के, आणि ६२.५ टक्के निदानाच्या चौकटीच अपुऱ्या असल्यामुळे. पुढे न्यूयॉर्क आणि लंडन यांच्या तुलनेत दिसले, की न्यूयॉर्कचे डॉक्टर स्किझोफ्रेनियाचे निदान कितीतरी जास्त करत. ठरावीक प्रश्नांची मुलाखत आणि समान निकष लावल्यावर फरक बहुतांशी मावळला.

नागपुरात यात भाषेची भर पडते. मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांच्या किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीत गडचिरोली, गोंदिया, छिंदवाडा, बालाघाटचेही रुग्ण येतात; वऱ्हाडी, झाडीबोली, हिंदी, गोंडी असे सगळे कानावर पडते. ‘मले गमत नाही’ याची नोंद एक जण ‘उदास’ अशी करील, दुसरा ‘करमत नाही’ म्हणून सोडून देईल. उपाय साधा: रुग्णाचे वाक्य जसेच्या तसे, अवतरणात लिहायचे. नातेवाईक दुभाषा असला की रुग्णाच्या पाच मिनिटांच्या उत्तराचे ‘काही नाही म्हणतो’ होते आणि विस्कळीत विचार कागदावर उतरतच नाहीत.

कालभानाच्या प्रश्नाला कुणी तारखेऐवजी ‘काल पोळा झाला, आज मारबत’ असे सांगितले आणि ते खरे असले, तर त्याचे कालभान शाबूत आहे. कॅलेंडरची तारीख हवी म्हणून गुण कापणारा परीक्षक चुकतो. शंभरातून सात वजा करत जाणे (९३, ८६, ७९…) शाळा न पाहिलेल्याला लागू नाही. त्याला वीसातून एकेक वजा करायला किंवा वार उलटे म्हणायला सांगतात. ‘नाचता येईना अंगण वाकडे’चा अर्थ विचारून अमूर्त विचार तपासतात, पण म्हण पाठ असेल तर त्यातून फक्त स्मरण कळते.

भ्रमाची नोंद सर्वांत नाजूक. समाजात सर्वमान्य असलेली समजूत भ्रम ठरत नाही. ‘करणी केली’ हे वाक्य एकट्याने पुरेसे नाही, खात्रीची पकड आणि घरच्यांचे मत पाहावे लागते. ताजबागेत ज्यांचा उरूस भरतो त्या सूफी संत ताजुद्दीन बाबांना एकेकाळी नागपूरच्याच वेड्यांच्या इस्पितळात ठेवले होते, आणि भाविक तिथेही दर्शनाला जात.

एकवाक्यता वाढवायची तर गुणांच्या प्रत्येक पायरीला ठोस वर्णन हवे, काळाची मर्यादा ठरलेली हवी (गेला आठवडा की गेला महिना), आणि ‘विचारले नाही’ व ‘आढळले नाही’ यांच्या नोंदी वेगळ्या हव्यात. केस पेपरवरची ही गल्लत सर्रास होते. सरावात एकच ध्वनिचित्रफीत सर्वांनी पाहून आधी गुण लिहून द्यायचे, मग बोलायचे. उलटा क्रम ठेवला की वरिष्ठांचे मत सगळ्यांचे होते.

कायद्यातही हा मुद्दा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ (लागू: २९ मे २०१८) याच्या कलम ८९ नुसार, रुग्णाच्या संमतीशिवाय नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या व्यक्तीच्या) अर्जावरून भरती करताना एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य किंवा वैद्यकीय व्यावसायिक यांनी स्वतंत्रपणे तपासून एकाच निष्कर्षावर यावे लागते, तीस दिवसांपुढे कलम ९० खाली दोन मानसोपचारतज्ज्ञ लागतात. कलम ८९ ची तपासणी भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत चालते. तीव्र आजारात, मधे औषध सुरू झाले असेल तर, सात दिवसांत रुग्णाची अवस्था पालटते. म्हणून दोन्ही नोंदींवर तारखेबरोबर वेळ आणि शेवटचा डोस लिहावा, आणि दुसऱ्या परीक्षकाला पहिला कागद आधी दाखवू नये.