धावणारं पोट्टं आणि हरवणारं पोट्टं

'लक्ष लागत नाही' म्हटलं की डोळ्यांसमोर एकच पोट्टं येतं: सोफ्यावरून उड्या मारणारं, रांगेत न थांबणारं. ते सगळ्यांना माहीत आहे, त्याची तक्रार शाळेतून आपोआप घरी येते. त्याला इथेच सोडू.

घोळ दुसऱ्यात, बसल्या जागी हरवणाऱ्यात होतो. जन्मतः २५०० ग्रॅमपेक्षा कमी, विशेषतः १५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या मुलांत लक्षाची अडचण जास्त आढळते. सगळ्यांत नाही, पण असते तेव्हा ती बरेचदा मुकी असते. मूल जागेवर बसतं, भांडत नाही, बाई खूश! 'दप्तर आण, डबा काढ, सिंकमध्ये ठेव' म्हटलं की दप्तर आणून उभं राहतं. पुढचं डोक्यातून निसटलेलं असतं. घरचे 'आळशी' म्हणून मोकळे होतात. या शब्दाइतकं नुकसान मोबाईलनंही होत नसेल.

पाच वर्षांच्या मुलाला तीच कामं एकेक करून सांगून बघा. तशी नीट जमत असतील तर तो हट्ट नव्हे, तीन गोष्टी एकदम डोक्यात धरणं जड जातंय. मग स्वयंपाकघरातून ओरडू नका. जवळ जा, नजरेला नजर द्या, एकच काम सांगा, ते झालं की दुसरं. रोजच्या कामांची चित्रं क्रमानं भिंतीवर लावा.

त्याआधी कान, डोळे आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. कमी ऐकू येणारं मूलही असंच हरवल्यासारखं दिसतं. टक लावून बसलेलं मूल हात लावूनही काही सेकंद भानावर येत नसेल, तर ती फिट असू शकते. डॉक्टरांना दाखवा, जमल्यास व्हिडिओसकट.

कमी वजन आणि कमी दिवस एक नव्हे: ३७ आठवड्यांआधीचं बाळ अपुऱ्या दिवसांचं, पण पूर्ण दिवसांचं बाळही दोन किलोचं असू शकतं. डॉक्टरांना दोन्ही आकडे लागतात. बाळंतपण नागपूरच्या डागा दवाखान्यात झालेलं असो की मेयो दवाखान्यात, डिस्चार्ज कार्ड न्या.

'मोठं झालं की सुटेल' हे धावणाऱ्याबाबत थोडंफार खरं. वयानं धावपळ बरीच ओसरते. हरवणं मात्र बहुधा टिकतं आणि लिखाण वाढलं की उघडं पडतं. म्हणून दोन आठवडे वहीत टिपा: कोणतं काम, किती मिनिटं, कुठे सुटलं. बाईंकडूनही तेवढंच लिहून घ्या. त्रास सहा महिन्यांपासून, घरी आणि शाळेत दोन्हीकडे आहे का, हे डॉक्टर विचारणारच.