स्मार्ट युनिव्हर्सल रिमोट हब

स्मार्ट युनिव्हर्सल रिमोट हब म्हणजे टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार, एसी, पंखा अशा वेगवेगळ्या रिमोटवर चालणाऱ्या उपकरणांना एकाच जागेवरून आज्ञा देणारी, वाय-फायला जोडलेली छोटी डबी. एका बाजूने हा हब मोबाइल अ‍ॅपची किंवा व्हॉइस असिस्टंटची आज्ञा घेतो. दुसऱ्या बाजूने त्या उपकरणाच्या मूळ रिमोटची हुबेहूब नक्कल करून अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांचा संदेश सोडतो. टीव्हीला किंवा एसीला यातले काही कळत नाही. त्याच्या लेखी समोर नेहमीचा रिमोटच असतो. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे उपकरणही एक स्क्रू न उघडता मोबाइलवर चालू लागते. बहुतेक तक्रारींचे मूळही इथेच आहे, कारण हब फक्त बोलतो; समोरच्याने ऐकले की नाही, हे त्याला समजण्याची सोय नसते.

रिमोटची भाषा

रिमोटच्या टोकाला असलेला एलईडी साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहत बटण दाबले तर जांभळट लुकलुक दिसते. मागच्या कॅमेऱ्यात दिसली नाही तर पुढच्या कॅमेऱ्यात पाहावे. त्यात अवरक्त प्रकाश अडवणारी गाळणी बहुधा सौम्य असते. रिमोटची बॅटरी संपली आहे की हब चुकतो आहे, हे ठरवायला याहून सोपी परीक्षा नाही.

अवरक्त प्रकाश सूर्यापासून दिव्यांपर्यंत सगळीकडून येत असतो. त्या गलक्यात आपला आवाज ओळखू यावा म्हणून रिमोट आपला प्रकाश सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा चालू-बंद करतो आणि टीव्हीतला संदेश टिपणारा भाग नेमकी तेवढीच वारंवारता वेचून घेतो. सोनीची पद्धत ४० किलोहर्ट्झवर चालते, फिलिप्सची आरसी-५ ही ३६ किलोहर्ट्झवर. सर्वाधिक प्रचलित असलेल्या एनईसी पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांचा लांब झोत येतो, मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता आणि त्यामागून ३२ बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे अंक: उपकरणाचा पत्ता, त्या पत्त्याची उलट प्रत, आज्ञा आणि आज्ञेची उलट प्रत. गंमत अशी की शून्य आणि एक यांतला फरक झोतात नसतोच, तो झोतानंतरच्या शांततेत असतो. शून्यामागे सुमारे ०.५६ मिलिसेकंद शांतता, एकामागे सुमारे १.६९.

या संदेशात पाठवणाऱ्याची ओळख कुठेही नसते. मिच ऑल्टमन यांनी २००४ मध्ये बाजारात आणलेले ‘टीव्ही-बी-गॉन’ हे किल्लीच्या जुडग्याएवढे यंत्र याच उणिवेवर चालत असे. एकामागून एक कंपन्यांचे ‘बंद’ संदेश सोडत ते समोरचा कुठलाही टीव्ही बंद करी. रिमोट हब हे त्याच यंत्राचे सभ्य, घरगुती भावंड म्हणायला हरकत नाही.

कोड मिळवणे आणि शिकवणे

हबला कोड दोन वाटांनी मिळतात. पहिली वाट तयार संग्रहाची: अ‍ॅपमध्ये कंपनीचे नाव निवडायचे, दोन-तीन बटणे दाबून पाहायची आणि उपकरणाने दाद दिली की तो संच पक्का करायचा. दुसरी वाट शिकवण्याची. हबला ‘शिक’ अवस्थेत टाकून मूळ रिमोट त्याच्यापासून काही सेंटिमीटरवर धरायचा आणि एकेक बटण थोडक्यात दाबायचे. हब झोत आणि शांतता यांच्या लांब्या मोजून ठेवतो. पुढे आज्ञा आली की तीच मोजमापे पुन्हा वाजवतो. अर्थ त्याला कळलेला नसतो, ही निव्वळ घोकंपट्टी असते.

घोकंपट्टीचा तोटा आरसी-५ मध्ये नीट दिसतो. या पद्धतीच्या १४ बिटांत एक बिट असा असतो की दर नव्या दाबाला तो उलटतो. बटण धरून ठेवले आहे की सोडून पुन्हा दाबले आहे, हे टीव्हीला त्यावरून समजते. हबने शिकताना तो बिट जसा होता तसाच साठवला असेल, तर २२ क्रमांकाचे चॅनेल लावायला ‘२’ दोनदा पाठवूनही टीव्ही एकदाच मोजतो. दुसरा ‘२’ म्हणजे पहिलाच बोट न उचलता दाबलेला, असे त्याला वाटते. यावर दोन उपाय आहेत. एक तर ती पद्धत ओळखून बिट स्वतः उलटवणारा हब घ्यायचा, नाही तर तेच बटण दोनदा शिकवून दोन्ही नमुने आळीपाळीने वापरायचे.

एसीचा रिमोट

टीव्हीचा रिमोट ‘आवाज एक पायरी वाढव’ एवढेच सांगतो. एसीचा रिमोट असे सुटे काही सांगत नाही. कोणतेही बटण दाबा, तो सगळी स्थिती एका दमात पाठवतो: चालू की बंद, थंड की कोरडे, किती अंश, पंख्याचा वेग, झडपांची दिशा, टायमर आणि शेवटी बेरीज जुळते का ते पाहायचा ताळा. संदेश अनेकदा शंभराहून जास्त बिटांचा असतो. म्हणून २४ अंशांवर असताना शिकवलेले ‘तापमान वाढव’ हे बटण प्रत्यक्षात ‘२५ अंश, थंड, मध्यम पंखा’ एवढेच एक वाक्य असते. किती वेळा पाठवले तरी एसी २५ च्या पुढे जात नाही. १६ ते ३० ही १५ तापमाने, चार अवस्था आणि पंख्याचे चार वेग धरले तरी २४० वाक्ये होतात. इतकी शिकवत बसायला कोणाकडे वेळ नसतो. एसीसाठी तयार संग्रहच लागतो, आणि हब निवडताना आपल्या एसीचे मॉडेल त्या संग्रहात आहे का, हे बाकी सगळ्याच्या आधी पाहावे.

आणखी एक गोंधळ ठरलेला. एसीची सेटिंग रिमोटच्या पडद्यावर दिसते ती रिमोटच्या स्वतःच्या स्मरणातली. अ‍ॅपमधून हबने २४ केले तरी टेबलावरच्या रिमोटवर सकाळचे १८ तसेच असतात. घरातल्या कोणी थंडी वाजते म्हणून ‘अधिक’ दाबले की रिमोट इमानदारीने १९ पाठवतो आणि खोली आणखी गारठते. नवीन हब बसवलेल्या घरात पहिल्या आठवड्यात हा प्रसंग बहुधा घडतोच.

एका बटणात अनेक कामे

हबचा खरा उपयोग अशा एकत्रित आज्ञेत आहे. तिला अ‍ॅपमध्ये सीन, रूटीन किंवा अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. ‘सिनेमा’ म्हटले की टीव्ही चालू व्हावा, इनपुट बदलावे, साउंडबार सुरू व्हावा, दिवे मंद व्हावेत. हे जुळवताना क्रमापेक्षा मधल्या थांब्याला महत्त्व असते. टीव्ही जागा व्हायला काही सेकंद घेतो आणि तेवढ्यात पाठवलेला इनपुटचा संदेश वाया जातो. प्रत्येक पायरीत किती थांबायचे, हे शेवटी घड्याळ हातात घेऊनच ठरवावे लागते.

एचडीएमआय-सीईसी ही सोय इथे मध्येच लुडबुड करते. एचडीएमआय जोडणीच्या १९ पिनांपैकी १३वी पीन उपकरणांना आपसात बोलण्यासाठी असते. तिच्यावरून टीव्ही चालू होताना साउंडबारलाही जागे करतो. पाठोपाठ हबचा ‘पॉवर’ संदेश येतो आणि नुकताच जागा झालेला साउंडबार पुन्हा झोपतो. दोघांपैकी एकालाच कारभार द्यावा. सगळी उपकरणे सीईसी नीट पाळत असतील तर टीव्हीपुरती हबची गरजही उरत नाही.

स्थितीचा अंदाज

वरच्या प्रसंगात दोष साउंडबारचा नव्हता. बहुतेक रिमोटवर चालू आणि बंद यांना एकच बटण असते आणि हब नुसता हिशेब ठेवतो: मघाशी दाबले तेव्हा चालू झाला असणार, म्हणजे आता दाबले की बंद होईल. मधे कोणी मूळ रिमोट वापरला, वीज गेली किंवा हबसमोर कोणी उभे राहिले की हिशेब उलटा होतो आणि तो तसाच उलटा राहतो. अनेक टीव्हींना ‘फक्त चालू’ आणि ‘फक्त बंद’ असे वेगळे कोड समजतात, जरी त्यांच्या रिमोटवर तशी बटणे नसली तरी. हे कोड सापडले तर अर्धे दुखणे जाते. उरलेल्यासाठी हबला कान द्यावे लागतात: टीव्हीच्या सॉकेटला वीज मोजणारा स्मार्ट प्लग लावला की तो काही वॉटच्या वर गेला म्हणजे टीव्ही चालू, एसीच्या झोतात तापमानाचा सेन्सर ठेवला की हवा गार येते की नाही ते कळते.

खोलीत उष्णता निर्माण करणारे हीटरसारखे उपकरण मात्र या एकतर्फी भरवशावर दुरून चालवू नये. ते चालू झाले का, त्यावर कपडा पडला आहे का, यातले काहीच हबला दिसत नाही.

हबच्या मर्यादेबाहेरचे

अवरक्त किरण भिंतीवर आपटून परततात, त्यामुळे हब टीव्हीच्या पाठीमागे नसला तर खोलीत कुठेही चालतो. पण भिंतीपलीकडे किंवा कपाटाच्या लाकडी दारापलीकडे ते जात नाहीत. एका खोलीला एक हब, असाच हिशेब धरावा. काही पंखे, पडदे आणि दिवे ४३३ किंवा ३१५ मेगाहर्ट्झच्या रेडिओ रिमोटवर चालतात. त्यासाठी रेडिओ भाग असलेला हब लागतो. गॅरेजच्या दारांचे रिमोट अनेकदा दर दाबाला कोड बदलतात, त्यामुळे त्यांची घोकंपट्टी निरुपयोगी ठरते, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते चांगलेच आहे. टीव्हीला मागे लावायच्या स्ट्रीमिंग स्टिकचे रिमोट बहुधा ब्लूटूथवर चालतात. त्यांच्यापुढे अवरक्त हब हतबल असतो.

जोडणीतली नेहमीची अडचण वाय-फायची. बरेच हब फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर असेल तर जोडणी अडते. काही चिप्सची जोडणीची रीत मोठी चतुर आहे: नव्या हबला वाय-फायचा पासवर्ड माहीत नसल्याने हवेतली पाकिटे (माहितीचे तुकडे) उघडता येत नाहीत, पण त्यांची लांबी दिसते. मोबाइल पासवर्डाची अक्षरे पाकिटांच्या लांबीत गुंफून पाठवतो आणि हब ती मोजून वाचतो.

पूर्वेतिहास

झेनिथ कंपनीसाठी यूजीन पॉली यांनी १९५५ मध्ये बनवलेला फ्लॅश-मॅटिक हा पहिला बिनतारी टीव्ही रिमोट प्रकाशाच्या झोतावर चाले. उन्हाची तिरीप पडली तरी टीव्ही चॅनेल बदली. पुढच्याच वर्षी रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी श्राव्यातीत ध्वनीचा रिमोट आणला. अनेक रिमोटचे संदेश शिकून साठवणारा ‘कोर’ हा रिमोट स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांच्या सीएल ९ कंपनीने १९८७ मध्ये काढला. घरोघरी नाव झाले ते हार्मनी या युनिव्हर्सल रिमोटचे. लॉजिटेकने २००४ मध्ये मूळ कंपनी विकत घेतली आणि पुढे त्यात हब आणला.

कोणाच्या सर्व्हरवर

बऱ्याच हबमध्ये बटण दाबल्यावर आज्ञा आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि मग दोन हातांवरच्या हबकडे परत येते. इंटरनेट गेले की टीव्ही समोर असून चालवता येत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये लॉजिटेकने फर्मवेअर (हबमधले अंगभूत सॉफ्टवेअर) बदलून हार्मनी हबशी घरच्या जाळ्यातून थेट बोलण्याची वाट बंद केली; वापरकर्त्यांनी आरडाओरडा केल्यावर ती पुन्हा उघडली. एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने हार्मनीचे उत्पादनच थांबवल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या मॅटर या स्मार्ट उपकरणांच्या समाईक मानकामुळे काही हब आपली शिकवलेली उपकरणे दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये दाखवू शकतात, पण अवरक्त संदेश त्याने दुतर्फा होत नाही.

म्हणून जाणकार घरातल्या घरात चालणारा हब पसंत करतात आणि त्याला होम असिस्टंटसारख्या मुक्त प्रणालीशी जोडतात. काही जण ईएसपी८२६६ ही वाय-फाय चिप, एक एलईडी आणि एक ट्रान्झिस्टर एवढ्यावर स्वतःचा हब बनवतात. शिकवलेले कोड प्राँटो या जुन्या लिखाणपद्धतीत उतरवून ठेवता येतात: चार-चार अंकांचे गट, पहिला ००००, दुसरा वारंवारतेचा; ३८ किलोहर्ट्झला तो सोळाच्या पायावर ‘००६डी’ असा येतो. मूळ रिमोट हरवायच्या किंवा कंपनी गाशा गुंडाळायच्या आधी ही फाइल करून ठेवली, की तीच बटणे नव्या हबला पुन्हा शिकवावी लागत नाहीत.